काढलेला पार्ट

मोटरी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना सगळे 'दाखवा मिस्त्री' म्हणायचे, आणि तेही तोंडावर. कुणी काहीही सांगितलं की यांचं पहिलं उत्तर ठरलेलं, "दाखवा बघू." शेजारी म्हणाला मुलगा पास झाला, तर दाखवा. दुकानदार म्हणाला माल कालच आलाय, तर दाखवा. लग्नाआधी होणाऱ्या बायकोने आपलं शिक्षण सांगितलं, तेव्हा यांनी प्रमाणपत्र मागितलं होतं. तिने दाखवलं, लग्नही केलं, पण त्या गोष्टीवरून ती अजून टोमणे मारते.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारापाशी फळी, फळीवर मीटर, पान्हे आणि सोल्डरिंगची गन. मागे तांब्याच्या तारेची रिळं, आणि सगळीकडे वॉर्निशचा वास, जो मिस्त्रींच्या शर्टालाही कायमचा चिकटलेला. पाण्याचे पंप, शिलाई मशीनच्या मोटरी, मिक्सर, पंखे, जे फिरतं ते सगळं इथे यायचं. दुकानाचा एकच नियम होता. काढलेला पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. जळकी कॉइल असो, घासलेलं बेअरिंग असो, नखाएवढे उरलेले कार्बन ब्रश असोत. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, हा कचरा मी काय करू?" मिस्त्री म्हणायचे, "घरी जाऊन टाका. पण तुमच्या हाताने टाका."

याला कारण होतं. तरुणपणी ज्या उस्तादाकडे ते काम शिकले, तो हाताचा कसबी आणि मनाचा लबाड. धडधाकट बेअरिंग 'गेलं' म्हणून काढायचा, तेलात धुऊन पुसायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये नवं म्हणून बसवायचा. मिस्त्रींनी हे बघितलं आणि कानाला खडा लावला. तेव्हापासून जगातल्या सगळ्या फसवणुकीकडे ते एकाच खिडकीतून बघत आले. लबाडी पकडायची असेल तर बसवलेल्या पार्टकडे बघू नका, काढलेला कुठे जातो ते बघा.

असा माणूस आजारी पडला म्हणजे घरच्यांचे काय हाल होतात, ते त्यांच्या बायकोला विचारावं.

सुरुवात झाली एका थेंबाने. तार जोडताना सोल्डरचा तापलेला थेंब पायावर पडला आणि मिस्त्री आपले काम करत राहिले. संध्याकाळी बायकोने पायावरचा फोड बघितला आणि ती किंचाळली. मिस्त्रींनी आधी फोडाकडे बघितलं आणि मग तिच्याकडे, जणू तिनेच काहीतरी केलंय.

मग संशयाची फेरी सुरू झाली. आधी नव्या चपला. त्या बदलल्या. मग फरशी पुसायचं औषध. तेही बदललं, पाय तसेच बधिर. पोट बिघडायला लागलं, कधी चार दिवस काहीच नाही, तर कधी दुकान सोडून पळावं लागे. तेव्हा संशय पाण्यावर गेला. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा चष्मेवाल्यावर गेला. वजन उतरत चाललं, तर यांनी वजनकाटा उघडून त्याची स्प्रिंग साफ केली. काटा बरोबर होता.

"अहो, काट्यात काही नाहीये," बायको म्हणाली. "तुमच्यात आहे."

हे बोलताना तिच्या डोळ्यांपुढे कोण होतं, ते मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. दोन गल्ल्या सोडून त्यांची थोरली बहीण राहायची, ताई. तिचं असंच पायांपासून सुरू झालं होतं. त्याआधी वडिलांचं. वडील वाळत वाळत गेले तेव्हा नातेवाइकांनी आपापले तर्क लढवले. कुणी म्हणालं चोरून पीत असणार, कुणी म्हणालं वाईट सवयी असणार, आणि एका आत्याने तर सरळ मिस्त्रींच्या आईकडे बोट दाखवलं, की हिनेच जेवणात काहीतरी घातलं. ती बिचारी हे ऐकत ऐकत म्हातारी झाली आणि गेली. ताईच्या वेळी डॉक्टरांनी कधी कंबर तपासली, कधी साखर, कधी मनाचं आहे म्हणाले. खरा रोग सापडला तेव्हा ताई उभी राहू शकत नव्हती. सापडला तो असा की रक्तातच येतो, बापाकडून मुलांकडे, आणि हळूहळू नसा खातो. म्हणजे आईने कधीच काही घातलं नव्हतं. लहानपणी मिस्त्रींनीही आईच्या हातच्या ताटाकडे एकदोनदा जरा जास्तच वेळ बघितलं होतं.

ताईच्या डॉक्टरांनी सांगितलं, भावाचं रक्त तपासा. मिस्त्रींनी तपासलं. आलेल्या उत्तरावर विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये खोट्या नावाने पुन्हा तपासलं. उत्तर तेच.

"दोन्ही लॅबवाले मिळालेले असतील," मिस्त्री म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

डॉक्टर शांत माणूस होता. त्याने समजावलं, की लिव्हर रक्तासाठी नाना प्रकारचे पदार्थ बनवतं. त्यातला एक पदार्थ यांच्या घराण्यात वेड्यावाकड्या आकाराचा बनतो, रक्तातून वाहतो आणि नसांवर साचत जातो. त्या काळी यावर औषध हाताशी नव्हतं. उपाय एकच, लिव्हर बदलायचं. कुणा मेलेल्या माणसाचं चांगलं लिव्हर मिळालं की ते बसवायचं.

"दुखणं पायात," मिस्त्री म्हणाले, "आणि तुम्ही पोट फाडणार?"

"पायात साचतंय, पण बनतंय पोटात."

मिस्त्रींनी विचार केला. वरून तेल गळत असेल तर खालची तार सडणार, नुसती तार बदलून काय उपयोग? एवढं त्यांना पटलं. "म्हणजे पाय बरे होणार?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. "गेलेलं बहुतेक परत येणार नाही. पुढचं थांबेल. म्हणून लवकर करायचं."

घरी येऊन मिस्त्रींनी बायकोला सांगितलं, की ज्या दुरुस्तीने मशीन सुधारत नाही तिला आम्ही दुरुस्ती म्हणत नाही. तिने वाद घातला नाही. ती त्यांना सरळ ताईकडे घेऊन गेली.

ताई खिडकीपाशी पलंगावर होती. तिने भावाचं सगळं ऐकून घेतलं, मग हाताने चाचपडत अंगावरची चादर बाजूला ओढली. पाय दिसले. पाय कसले, कातडी पांघरलेली हाडं, आणि एका टाचेवर कधीच भरून न येणारी जखम.

"जन्मभर दाखवा दाखवा करतोस ना?" ताई म्हणाली. "बघ की मग. नीट बघ. मान कशाला वळवतोस?"

त्या दिवशी मिस्त्री तयार झाले. डॉक्टरांनी त्यांचं नाव लिव्हर मिळण्याच्या यादीत घातलं.

आणि मग घोडं अडलं. यादीचं काम बघणाऱ्या समन्वयक बाई भल्या होत्या, पण त्यांना मिस्त्रींचा उस्ताद ठाऊक नव्हता. त्या सहज बोलून गेल्या, "तुमचं जे लिव्हर काढू, ते दुसऱ्या एका पेशंटला द्यायला तुमची परवानगी आहे का?"

मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. नुसती चुकचुकली नाही, भिंतीवरून खाली पडली.

"माझं काढलेलं? दुसऱ्याला?"

"हो. तुमचं लिव्हर तसं उत्तम आहे. तो एक पदार्थ सोडला तर बाकी सगळी कामं चोख करतं."

"उत्तम आहे," मिस्त्री सावकाश म्हणाले. "मग काढता कशाला? आणि खराब आहे, तर त्या माणसाच्या गळ्यात मारता कशाला? दोघांपैकी एकाला तरी तुम्ही फसवताय. मला नाहीतर त्याला."

समन्वयक बाईंनी पुष्कळ सांगितलं. रोग दिसायला वर्षानुवर्षं लागतात. ज्याला देणार त्याच्याकडे तेवढा वेळच नाही. परवानगी नसेल तर नका देऊ, तुमचं ऑपरेशन तरीही होईल. हे शेवटचं वाक्य ऐकून तर मिस्त्रींची खात्रीच पटली. एवढं सहज सोडतायत म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय.

"करा माझं ऑपरेशन," ते म्हणाले. "पण काढलेलं पिशवीत घालून माझ्या हातात द्या."

समन्वयक बाईंना हसू आलं. ते त्यांनी आवरायला हवं होतं. मिस्त्री उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली, दाराची चौकट धरली आणि तसेच घरी निघून आले.

पुढे महिनोन्महिने ते दवाखान्यात फिरकले नाहीत. फोन यायचे, ते उचलायचे नाहीत. या काळात उजव्या पायाचा पंजा लोंबायला लागला. चालताना तो जमिनीवर फटफट आपटायचा आणि गिऱ्हाईक दुकानात बसूनच ओळखायचं, मिस्त्री आले. बायको आधी रडली, मग भांडली, मग बोलायचीच बंद झाली. मिस्त्रींना घरातली ती शांतता सहन होईना. तारेचे वेढे देताना बोटांच्या टोकांनाही मुंग्या यायला लागल्या, तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पाय गेले तर बसून काम होईल. बोटं गेली तर दुकान गेलं.

त्यांनी स्वतःच फोन लावला. "ज्याला देणार त्याला माझ्यासमोर आणा. मी त्याला सगळं सांगणार. त्याला मान्य असेल तर माझी हरकत नाही, माझंही करा. नाहीतर नको."

"तसा नियम नाही," समन्वयक बाई म्हणाल्या.

"लपवायचं असेल तेव्हाच नियम असतात."

समन्वयक बाईंनी फोन ठेवला. पण त्या भल्या होत्या, हे आधीच सांगितलंय. त्यांनी वरिष्ठांना विचारलं, त्या पेशंटला विचारलं. पेशंटने निरोप पाठवला, "आणा त्यांना. मलाही बघायचंय कोण आहे ते."

दवाखान्यातली खोली लहान होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर लिव्हरचा तपकिरी नमुना, ज्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला. पलीकडे एक म्हातारी बाई बसली होती. अंग काटकुळं, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. तिची बोटं टेबलावर सारखी नाचत होती. ही टायपिंगची शिक्षिका होती, निवृत्त; बोटांना ती सवयच जडली होती. लिव्हरमध्ये गाठ होती. वय आणि गाठ दोन्ही बघून यादीत तिचा क्रमांक खाली होता, आणि तो वर येईपर्यंत ती टिकणार नव्हती.

मिस्त्रींनी नमस्काराच्या आधीच सुरुवात केली. फोड सांगितला, पोट सांगितलं, घेरी सांगितली. खुर्चीवरून उठून लोंबणारा पंजा चालवून दाखवला. वडील सांगितले, ताईची टाच सांगितली. बाथरूमच्या ज्या गोष्टी बायकोलाही धड सांगितल्या नव्हत्या त्याही सांगितल्या. समन्वयक बाईंनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

टायपिंगच्या बाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "तुम्ही दुकान कसं चालवता हो? असा माल विकलात तर उपाशी मराल."

"विकत नाहीये. सांगतोय."

"मला डॉक्टरांनी सांगितलंय हे. बाथरूमचं सोडून." त्या थांबल्या. "हे माझ्यात सुरू व्हायला किती वर्षं लागतील?"

"आठ, दहा. कदाचित जास्त," समन्वयक बाई म्हणाल्या. "नक्की कुणीच सांगू शकत नाही."

"आणि घेतलं नाही तर?"

समन्वयक बाई हातातले कागद सारखे करायला लागल्या.

"मग प्रश्न कुठे आहे?" बाई म्हणाल्या. "मिस्त्री, मला एक शंका येते. बोलू? मी नको म्हणावं म्हणून तुम्ही इथे आलात. मी नको म्हटलं की तुम्ही म्हणणार, बघा, त्यांनाही पटलं नाही, आणि घरी जाणार. खरं की नाही?"

जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या माणसावर कुणी असा सरळ संशय घेतला नव्हता. मिस्त्रींनी टेबलावरचा नमुना उचलला, उलटा करून बघितला, परत ठेवला.

"भीती वाटते," ते म्हणाले. "पोट फाडणार. डोळे उघडतील की नाही कुणाला माहीत. आणि उघडले तरी पाय असेच. कशाच्या भरवशावर झोपू त्या टेबलावर?"

"मलाही वाटते भीती," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही घाबरून घरी तरी जाऊ शकता. मी घाबरून कुठे जाऊ?"

मिस्त्रींनी सही केली. दोन्हीकडे, ऑपरेशनलाही आणि लिव्हर देण्यालाही.

काही आठवड्यांनी एका दुपारी फोन आला. अपघातात गेलेल्या कुणाच्या तरी घरच्यांनी होकार दिला होता. तो कोण, काय करायचा, हे मिस्त्रींना कळलं नाही, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी विचारलंही नाही. एका खोलीत ते झोपले, शेजारच्या खोलीत बाई. डोळे उघडले तेव्हा बायको समोर होती आणि ती पुन्हा बोलायला लागली होती. थांबतच नव्हती.

सगळं ठीक झालं, असं डॉक्टर म्हणाले. पण पाय तसेच. पंजा तसाच लोंबणारा, पट्टा बांधून चालावं लागे. फरक एवढाच की वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि वाढलं काही नाही. बोटं तार गुंडाळत राहिली. दुसऱ्या कुणाला यात आनंद वाटला असता. पण मिस्त्रींचा स्वभाव काही काढलेल्या लिव्हरबरोबर गेला नव्हता. दुरुस्ती झाली याचा पुरावा काय, तर काहीच होत नाही! असला पुरावा त्यांच्या दुकानात चालला नसता. ताई मधल्या काळात गेली. तिच्या पायांशी आपले पाय ताडून बघायचीही सोय उरली नाही.

टायपिंगच्या बाई मात्र ठणठणीत झाल्या. डोळ्यांचा पिवळा रंग गेला, गालांवर मांस आलं, घरी शिकवण्या सुरू झाल्या. वर्षातून दोनचार वेळा काही ना काही बिघडलेलं घेऊन त्या दुकानात यायच्या. "तुमचं लिव्हर हजेरी द्यायला आलंय," असं दारातूनच ओरडायच्या. बसायच्या, चहा प्यायच्या, शेजाऱ्यांची उणीदुणी काढायच्या. मिस्त्री प्रत्येक वेळी विचारायचे, "पाय?" त्या म्हणायच्या, "दोन आहेत. मोजून आले."

मिस्त्री हसायचे आणि त्यांना बरं वाटायचं. पण बाई गेल्या की एक घाणेरडी शंका डोकं वर काढायची. पाच वर्षं झाली, सहा झाली, यांना काहीच कसं नाही? लिव्हर खराब होतं ना? की खराब नव्हतंच? चांगलाच पार्ट काढून घेतला की काय आपला? एकदा ही शंका त्यांनी बायकोपाशी बोलून दाखवली. तिने हातातलं काम ठेवलं.

"म्हणजे तुमची खात्री पटायला त्या बाईंचे पाय जायला हवेत," ती म्हणाली. "असंच ना?"

मिस्त्रींना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण शंका काही लाजेने मरत नाही. ती तशीच राहिली, आणि बाईही तशाच धडधाकट येत राहिल्या. अशी आणखीही बरीच वर्षं गेली.

मग एका दुपारी बाई टेबलफॅन घेऊन आल्या. रस्ता ओलांडतानाच त्यांचं बोलणं सुरू झालं होतं, शेजारणीने काय केलं, तिला मी काय सुनावलं. बोलत बोलतच त्या पायरी चढल्या, पंखा फळीवर ठेवला, खुर्चीवर बसल्या. एका पायात चप्पल होती. दुसरा अनवाणी. ती चप्पल रस्त्याच्या कडेला उलटी पडलेली मिस्त्रींना इथून दिसत होती. ऊन रणरणतं होतं, डांबर तापलेलं होतं, आणि बाईंना पत्ताच नव्हता.

इतकी वर्षं ज्या पुराव्याची वाट बघितली तो समोर पडलेला होता. डॉक्टरांनी फसवलं नव्हतं. काढलेलं लिव्हर खराबच होतं, बसवलेलं चांगलं होतं, दुरुस्ती खरी होती. मिस्त्रींना यातलं काही नको होतं. डॉक्टर लबाड निघाले असते तर त्यांना आज आनंद झाला असता.

ते उठले, बाहेर जाऊन चप्पल उचलून आणली आणि बाईंच्या पायांपाशी बसले.

"बाई, ही रस्त्यात राहिली."

शेजारणीची गोष्ट अर्ध्यात तुटली. बाईंनी आपल्या पायाकडे बघितलं. तळवा लालभडक झाला होता. मिस्त्रींनी त्यांचा अंगठा बोटांत धरून दाबला.

"कळतंय?"

"दाबताय का? मला वाटलं नुसते बसलात."

मिस्त्रींनी मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी लपवता येईना, आणि शर्टाच्या बाहीने पुसलं तर वॉर्निश झोंबलं.

"आता रडताय काय?" बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा हललाच. "तुम्ही सगळं सांगून दिलं होतंत. बाथरूमसकट. न सांगता गळ्यात मारलं असतंत, तर आज भांडायला आले असते मी."

"आता औषधं निघालीत म्हणतात यावर. सोमवारी दोघं जाऊ. मी येतो न्यायला."

"जाऊ." बाईंनी पाय चपलेत सरकवायला बघितलं, नेम चुकला; मिस्त्रींनी हाताने बसवून पट्टा लावला. "आणि आता उठा. तो पंखा बघा आधी, घरात उकडून जीव जातोय."

मिस्त्री फळीचा आधार घेऊन उठले आणि पंख्याचे स्क्रू काढायला लागले.